आत्यांचा सुळसुळाट

फर्निचर हलवण्याचा तो ऑनलाइन खेळ मुळात इतका रटाळ होता, की शेवटी खेळणाऱ्यांनीच त्याचं भलं करायचं मनावर घेतलं. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा घासणारी ताई, 'वायफळ' नावाने वावरणारा, खेळातले आवाज बनवणारा एक जण आणि 'घोरपड' नावाची नकाशे काढणारी बाई अशी तिघं, एकमेकांचं तोंडही न पाहता कामाला लागली. त्यांनी त्या खेळात लपाछपीचा नवा मोड बनवला. सगळ्यांनी फर्निचर बनून शोरूममध्ये लपायचं. ज्याच्यावर राज्य, त्याने क्लिक करून शोधायचं. पहिला सापडेल त्याच्यावर पुढचं राज्य.

चाचणीला हक्काचं माणूस घरातच होतं, ताईची आत्या. पडदे शिवून झाले की ती जेवणाच्या टेबलावरच्या जुन्या कॉम्प्युटरपाशी बसायची आणि दरवेळी स्टूल व्हायची. अडचण एवढीच, की कोण आलंय ते बघायला हे स्टूल तुरुतुरु चालत खोलीच्या मधोमध यायचं. रोज पहिली बाद आत्याच. "मेला तो माउस!" म्हणून ती उठायची, चेहरा एवढासा करून. तिच्यावरचं राज्य मग ताईच घ्यायची.

ताईला ते बघवेना. तिने गुपचूप कोडमध्ये एक ओळ घुसवली: नावात 'आत्या' असेल, तर तो खेळाडू लिंबूटिंबू. म्हणजे खेळात असायचं, पण बाद व्हायचं नाही, राज्यही घ्यायचं नाही. त्या दिवसापासून आत्याचा भाव वधारला. "काय हात बसलाय माझा!" असं ती मापं घेता घेता गिऱ्हाइकांना सांगू लागली. ताईने ती ओळ काढायचं कितीदा तरी ठरवलं. पण आत्याची खुललेली कळी पाहून तिचा धीरच व्हायचा नाही. पुढे कामाच्या गडबडीत ती ओळ साफ विसरून गेली.

रविवारी दुपारी मोड सगळ्यांसाठी खुला झाला आणि लोकांची झुंबड उडाली. थोड्याच वेळात कोणीतरी चॅटमध्ये विचारलं, "ते स्टूल बाद का होत नाही?" कोण्या डोकेबाजाने त्या स्टुलाचं 'आत्या' हे नाव हेरलं. बघता बघता 'ट्रकवाली आत्या' आली, 'दाढीवाली आत्या' आली, 'लांबची आत्या' आली, 'आत्याबाईंचा नवरा'सुद्धा आला. कोणी बादच होईना. राज्य असलेला बिचारा क्लिक करकरून थकला, आणि कपाटं त्याच्याभोवती फेर धरून नाचू लागली.

"अगं, बघ तरी, किती चाहते माझे!" आत्या हरखून गेली होती.

तेवढ्यात ताईच्या स्पीकरमधून वायफळ करवादला, "हा काय घोळ घातलायस? लोक वैतागून पळतील ना!"

"माझी एक ओळ राहिलीय. आत्ता काढते."

"कसली ओळ?" आत्याने विचारलं.

ताईला थाप मारता आली असती, पण पडद्यावर आत्यांची जत्रा भरलेली असताना मारणार तरी कुठली? "आत्या, तुला मी लिंबूटिंबू केलं होतं गं."

आत्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "म्हणजे माझा हात बसलाय, ते..."

"नाही बसला."

ताईने खुर्ची तिच्याकडे वळवली. "तू हिरमुसायचीस. मला बघवायचं नाही."

"मग हिरमुसू द्यायचं! साठी उलटली माझी, तान्हं बाळ आहे का मी? काढ ती ओळ. आणि यापुढे माझं राज्य घ्यायला आलीस तर याद राख."

ओळ गेली. नवा डाव सुरू झाला. आत्यांनी गच्च भरलेल्या शोरूममध्ये सगळं फर्निचर चिडीचूप उभं होतं. एक स्टूल तेवढं तुरुतुरु मधोमध आलं.

क्लिक. आत्या बाद, सगळ्यांत पहिली.

ताईचा हात सवयीने आत्याच्या माउसकडे गेला. आत्याने त्यावर सणसणीत चापट मारली, खुर्ची पुढे ओढली आणि माइकमध्ये तोंड घालून ओरडली, "लपा गं सगळ्या आत्यांनो! माझ्यावर राज्य आलंय! दहा, वीस, तीस..."

आणि कुठकुठल्या दाढीवाल्या आत्या जीव मुठीत धरून पळत सुटल्या.