डुगडुगणारा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे, प्रार्थनामंदिरातल्या तिसऱ्या रांगेतला. लाकूड चांगलं, अंगकाठी दणकट. पण बसलात की डुगडुगतो. लोकांनी माझं नावच ‘झोपाळा’ ठेवलं आहे. आता सवय झाली.

मला दोन सुतार भावांनी घडवलं. थोरल्याने पाय कापले, धाकट्याने सांधे जोडले. इथे आणून ठेवलं त्याच दिवशी मी हललो.

“दादा, पाय आखूड कापलास,” धाकटा म्हणाला.

“माझ्या करवतीला नावं ठेवतोस? तुझेच सांधे वाकडे!”

झालं! शब्दाने शब्द वाढला आणि अबोला पडला. तो अकरा वर्षं टिकला.

खरं सांगू? माझे चारही पाय सारखे आहेत, सांधेही चोख. खड्डा होता खालच्या फरशीत. पण मला तोंड कुठे आहे! आणि वाकून बघेल तो सुतार कसला?

दर रविवारी दोघं माझ्याच दोन टोकांना बसत, कारण दुसरीकडे बसणं म्हणजे हार मानणं. धाकटा टेकला की थोरल्याचं टोक टकदिशी वर जाई. “आला!” असं पुटपुटून थोरला तोंड फिरवी.

गेल्या वर्षी थोरल्याची नजर गेली. डॉक्टरांनी हात टेकले. दुकान बंद पडलं. हत्यारं भावाच्याच हाती द्यावीत असं त्याला फार वाटे, पण आधी बोलायचं कुणी?

त्यांची बहीण इथे मुलांना शिकवते. त्या महिन्यात ती येशूच्या कार्याची सुरुवात सांगत होती: नदीतला बाप्तिस्मा, जाळी सोडून त्याच्यामागे गेलेले कोळी, मग डोंगरावरची शिकवण. एका रविवारी मुलांसाठी तिने मला ओढून भिंतीशी नेलं. दोघे भाऊ सवयीने तिथेही माझ्यावर येऊन बसले.

“भावाच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, आपल्या डोळ्यातलं मुसळ दिसत नाही,” ती सांगत होती.

“मुसळ डोळ्यात मावतं कसं?” एका चिमुरडीने विचारलं. सगळे हसले.

“येशू आधी सुतारकाम करायचा, बाळा. डोळ्यात कण गेला की कसा सलतो, ते सुताराला सांगावं लागत नाही. म्हणून तो म्हणाला, आधी स्वतःचा डोळा साफ कर.”

थोरला चुळबुळला. मग त्याने हळूच विचारलं, “अगं, आज तो आला नाही का?”

“अरे दादा, तुझ्या शेजारीच बसलाय की!”

मी हललोच नव्हतो ना! धाकटा ताडकन उठला. गुडघ्यावर बसून त्याने माझे चारही पाय मापले.

“दादा, पाय सारखेच आहेत. तिकडची फरशीच खचलेली.”

“म्हणजे अकरा वर्षं आपण फरशीवरून भांडलो?”

“दोघे सुतार, आणि पाणसळ लावून फरशी सपाट आहे का, ते एकानेही पाहिलं नाही.” धाकटा थोरल्याजवळ सरकला. “चुकलं माझं.”

“तुझं कुसळ रे. मुसळ माझं.” थोरल्याने चाचपडत त्याचा हात धरला. “उद्या दुकानात ये. रंधे गंजायला लागलेत.”

पुढच्या रविवारी मी पुन्हा माझ्या जागी होतो. धाकटा माझ्या पायाखाली घालायला पाचर घेऊन आला. थोरल्याने त्याला थांबवलं.

“राहू दे. हा हलला की मला कळतं, तू आलास.”

म्हणून सांगतो मित्रांनो, माझी धूळ पुसा, हवं तर रंगही द्या. भांडायच्या आधी एकदा खालची जमीन बघा. पण माझ्या पायाखाली पाचर तेवढी घालू नका.