उचलून बाजूला ठेवा

काळ्या अंगावर पांढरे पट्टे असलेला साप दिसला तर काय करायचं, हे बेळगावजवळच्या मच्छ्यातल्या कुठल्याही घरात विचारलं असतं तर चार वर्षांच्या पोरानंसुद्धा सांगितलं असतं: हात न्हाय, काठी न्हाय, ज्योतिबाला फोन. एवढं गावाच्या तोंडात बसवायला ज्योतिबाला वीस वर्षं लागली होती. ते मोडायला दीड मिनिटाचा एक व्हिडिओ पुरला.

ज्योतिबा उद्यमबागेतल्या एका फौंड्रीत कामाला. दिवसभर वाळूचे साचे भरायचे, आणि सापासाठी फोन आला की सुपरवायझरचं बोलणं खात मोटरसायकलला किक मारायची. नाग, घोणस, धामण, जे निघेल ते धरायचं आणि वनखात्याला कळवून खानापूरकडच्या रानात सोडून यायचं. चहासुद्धा आग्रह केला तर घ्यायचा. इतक्या वर्षांत त्याला खरी धास्ती एकाच सापाची होती, मण्यारीची. नाग निदान फणा काढून बजावतो. मण्यार चावलेली कळतसुद्धा नाही. मुंगी चावल्यासारखं वाटतं, माणूस आपल्या कामाला लागतो, आणि काही तासांत त्याच्या पापण्या मिटायला लागतात. मग श्वास अडतो. म्हणून ज्योतिबानं बाकीच्या सापांबद्दल नुसतं सांगितलं, पण पट्ट्यांचं पाठ करून घेतलं. शाळेत, गणपतीच्या मांडवात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा. लोक हसायचे, पण पाठ करायचे. अकरा वर्षांत मच्छ्यात मण्यारीनं एकही माणूस गेला नव्हता. आयुष्यात काय मिळवलंस असं कुणी विचारलं असतं तर ज्योतिबाकडे दाखवायला एवढंच होतं.

त्याची चुलती अंबुबाई शेजारच्या घरात एकटी राहायची. ज्योतिबाची आई तो लहान असतानाच गेली, तेव्हापासून त्याला तिनंच वाढवलेलं. आता तिची सत्तरी उलटलेली, गोठ्यात एक म्हैस आणि परड्यात भाजीचे चार वाफे. ज्योतिबाचा नंबर तिनं गोठ्याच्या दारावर कोळशानं लिहून घेतला होता. पावसानं पुसला की पुन्हा लिहून घ्यायची.

आता त्या व्हिडिओवाल्या पोराचं सांगतो. पोरगा म्हणायचं ते बापाच्या लाडापुरतं, वय बावीस. ओमकार, बेळगावच्या कॅम्पातल्या श्रीपाद वकिलांचा एकुलता एक. त्यानं बेंगळूरहून कुणाकडून तरी अमेरिकेतल्या सापांची जोडी आणली होती. किंगस्नेक म्हणतात त्यांना. काळे, अंगभर पांढरे पट्टे, बिनविषारी. काचेच्या पेटीत दिव्याखाली ठेवायचे आणि मित्र आले की गळ्यात घालून फोटो काढायचे, ही हौस दोन वर्षं टिकली. मग परदेशी प्राण्यांची नोंद करायचा सरकारी नियम आला. नोंदीला कागद लागतात, आणि कागद तर नव्हतेच. वकील म्हणाले, उद्या माझ्यावर बालंट यायला नको, हे घरातून काढ.

तेव्हा घरातले फुटक्या काचेचे देवांचे फोटो लोक जसे पिंपळाखाली नेऊन ठेवतात, नमस्कार करतात आणि मागं न बघता घरी येतात, तसा हा मार्चमधल्या एका सकाळी गाडीतून मच्छ्याच्या शिवारात आला आणि दोन्ही साप एका वारुळापाशी सोडून गेला. वर हळदकुंकू वाहिलं. त्याचं चित्रण केलं आणि खाली लिहिलं, 'आज यांना मुक्ती दिली.' मुक्ती! मुक्ती मिळाली ती वकिलांच्या घराला, कागदांच्या कटकटीतून. ज्यांच्या शिवारात हे सोडले त्या गावाला कुणी विचारलं?

जुलैत गावात बोलणं सुरू झालं की पट्ट्यांचा साप भर दिवसा फिरतोय. मण्यार अशी दिवसा हिंडत नाही. ज्योतिबा दोनदा धावला. पहिल्यांदा काही सापडलं नाही. दुसऱ्यांदा उसाच्या बांधावर त्यानं तो नीट बघितला. पट्टे रुंद, मानेपासून शेपटीपर्यंत, आणि तोंडात धामणीचं अर्धं गिळलेलं पिल्लू. वीस वर्षांत असला साप त्यानं बघितला नव्हता. त्यानं फोटो काढला, पुढं सरसावला, तोवर तो गिळता गिळता उसात शिरला.

फोटो फिरत फिरत ओमकारकडे पोचला. गावची माणसं काठ्या घेऊन हिंडतायत हेही त्याला कुणीतरी सांगितलं. मग त्यानं तो दुसरा व्हिडिओ केला. डोळे भरलेले, आवाज कापरा. "मच्छ्यातल्या सगळ्यांना हात जोडून विनंती. हे माझे रॉकी आणि रूबी आहेत. प्लीज त्यांना मारू नका. ते कुणालाही चावत नाहीत. पट्ट्यांचा साप दिसला तर घाबरू नका. हातानं उचला आणि बाजूला ठेवा." आणि शेवटी ओमकार साप गळ्यात घालून हसतोय, असा जुना तुकडा जोडलेला. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ निपाणीपर्यंतच्या फोनांवर जाऊन पोचला.

ज्योतिबाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यानं चार जणांना विचारून ओमकारचा नंबर मिळवला.

"मी मच्छ्यातनं ज्योतिबा बोलतोय, साप धरतो. त्यो व्हिडिओ आत्ताच्या आत्ता काढ."

"काका, तुम्ही सर्पमित्र ना?" ओमकार म्हणाला. "तुम्हाला तर आनंद व्हायला पाहिजे. मी लोकांच्या मनातली भीती घालवतोय."

"ती भीती मी घातल्या, बाबा! वीस वर्षं खपून घातल्या. त्या भीतीवर हितली माणसं जगल्यात. आमच्याकडं पट्ट्यांची मण्यार असत्या."

"पण माझे वेगळे दिसतात. नीट बघितलं तर लगेच कळतं."

"कोण बघनार नीट? पावसात, लाकडाच्या ढिगात, सत्तर वर्षांची म्हातारी बघनार?"

"काका, चाळीस हजार लोकांनी बघितलाय तो. सगळे किती चांगलं लिहितायत." आणि त्याला दुसरा फोन येत होता म्हणून त्यानं हा ठेवला.

ज्योतिबा घरोघर हिंडला. "अरं, त्या पोरानं गळ्यात घातलाय की साप," लोक म्हणाले, "तू उगंच भ्या दावतोस." वीस वर्षांच्या पाठांतराची ही किंमत. अंबुबाईनंही शेजारणीच्या फोनवर तो व्हिडिओ बघितला होता.

"रडत होतं रं लेकरू," ती म्हणाली.

"रडू दे. काकू, पट्टा दिसला की काय करायचं?"

"हात न्हाय, काठी न्हाय, तुला फोन. ठावं हाय रं मला."

त्यानंतर पाचव्या दिवशी, गुरुवारी, फौंड्रीत दहाची चहाची सुट्टी झाली आणि ज्योतिबाचा फोन वाजला.

"ज्योतिबा, गावला बघ त्या पोराचा साप!" अंबुबाईच्या आवाजात आनंद मावत नव्हता. "सरपणात येटोळं करून बसलता. बादलीत घातलाय, वर परात झाकल्या."

ज्योतिबा कप टाकून उठला. "कशानं घातलास, काकू?"

"कशानं म्हंजे? हातानं. उचला म्हणून सांगितलंय की त्यानं. लई गरीब हाय रं, काय सुदीक केलं न्हाय."

"चावला?"

"न्हाय. बोटाला जरा मुंगी चावल्यागत झालं तेवढंच."

"कवाची गोष्ट ही?"

"सकाळची. धार काढली, मग सरपण आणाय गेलते. सात वाजलं असतील. तू कामावर, उगं तुला बोलणी कशाला बसाय पायजेत, म्हणून तुझ्या च्याच्या सुट्टीला फोन केला."

तीन तास. तिनं म्हशीला वैरण घातली होती, भाकरी थापल्या होत्या आणि पुतण्याला बोलणी बसू नयेत म्हणून घड्याळाकडे बघत थांबली होती.

ज्योतिबानं मोटरसायकल कशी हाणली ते त्याचं त्याला माहीत. शेजाऱ्यांना फोन करून त्यानं टेम्पो काढायला लावला, आणि पोचल्या पोचल्या गोठ्यातली परात उचलली. पट्टे बारीक, दोरा ओढल्यासारखे, जोडीजोडीनं. मानेजवळ एकही नाही. मण्यार. सत्तर वर्षांच्या बाईनं ती ओंजळीत धरून बादलीत ठेवली होती.

टेम्पोत अंबुबाईचं डोकं त्याच्या मांडीवर होतं. अजून तिला काहीच समजलं नव्हतं. "झोप येत्या रं," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "पापन्या उघडंनात. त्या पोराला तेवढं कळव, गावला म्हणून. रडत असंल."

हे तिचं शेवटचं बोलणं. बेळगावात पोचेपर्यंत तिचा श्वास अडकायला लागला होता. डॉक्टरांनी लस दिली, मशीन लावलं, कसूर केली नाही. चौथ्या दिवशी ती गेली.

ती गेल्याच्या दुसऱ्या दिवशी व्हिडिओ गुपचूप निघाला. ना फोन, ना माफी. आणि गाव? ज्या गावानं पाच दिवसांत भीती सोडली होती, त्यानं आता अक्कलही सोडली. आठवड्यात धामणी मारल्या, दिवडं मारली, वाटेवरचं अजगराचं एक पिल्लू ठेचलं. ज्योतिबानं कुणाला अडवलं नाही. कुठल्या तोंडानं अडवणार? पण पारावर कुणीतरी म्हणालं, "म्हातारीला तरी कळाय नको व्हय?" आणि ज्योतिबानं त्याची गचांडी धरली. चौघांनी मिळून सोडवली. तिला कळत होतं रे, वीस वर्षं कळत होतं! एका रडक्या पोराची दया आली, म्हणून ती चुकली.

सप्टेंबरात अंबुबाईच्या परड्यातला शेणखताचा ढीग उपसताना ज्योतिबाला ती सापडली. रुंद पट्ट्यांची, सुस्त, उबेला पडलेली. रूबी. तिनं पळायचाही प्रयत्न केला नाही. ढिगाच्या तळाशी आठ अंडी होती, कातड्यासारखी मऊ, आणि आठही फाटून रिकामी झालेली. ज्योतिबा फावडं टाकून तिथंच खाली बसला. आठ पिल्लं, काळी-पांढरी, वीतभर लांबीची, आता शिवारात कुठंतरी. धामणीची पिल्लं खात वाढतील, पुढं त्यांची पिल्लं होतील. आणि पट्ट्यांचा साप दिसला की गावात निम्मे म्हणतील मण्यार, निम्मे म्हणतील त्या वकिलाच्या पोराचा.

त्यानं वनखात्यात फोन केला. घेऊन या म्हणाले. त्यानं साप कापडी पिशवीत घातला, टरफलं सदऱ्याच्या खिशात घेतली आणि निघाला. पण वाटेत मोटरसायकल कॅम्पाकडे वळवली.

श्रीपाद वकिलांनी त्याला दिवाणखान्यात बसवलं. ओमकार समोरच सोफ्यावर होता, मान खाली घालून.

"जे झालं ते फार वाईट झालं," वकील म्हणाले. "आम्हालाही वाईट वाटतं. पण कायद्यानं बघायचं तर, ज्या सापानं दंश केला तो आमचा नव्हता. तो तुमच्याच गावचा."

"व्हय," ज्योतिबा म्हणाला. "साप आमचा. हातानं उचला म्हणून सांगनारा तुमचा."

त्यानं पिशवी टीपॉयवर ठेवली आणि गाठ सोडली. पिशवीच्या अंधारात काळं-पांढरं वेटोळं हळूच सरकलं.

"ओमकार, तुझा साप गावलाय. उचल आणि बाजूला ठेव."

ओमकार पुढं वाकला. "रूबी आहे का? नक्की माझीच आहे?"

"नीट बघितलं तर लगेच कळतं म्हणालतास."

"अंधार आहे आत. लाईट लावू?"

"काकूच्या सरपणात लाईट न्हवती. उचल."

ओमकारनं हात पुढं केला. बोटं पिशवीच्या तोंडापर्यंत गेली आणि तिथं थांबली. आतलं वेटोळं पुन्हा हललं.

"ओमकार!" वकील ताडकन उठले. "हात लावू नकोस!"

ओमकारनं हात मागं ओढला.

"हेच," ज्योतिबा म्हणाला. रागानं त्याचा आवाज फाटला होता. "हेच मी वीस वर्षं सांगत होतो, वकीलसाहेब. तुमच्या पोराला तुम्ही एकदा सांगितलं, त्यानं ऐकलं. माझ्या माणसांना मी रोज सांगितलं, आणि ह्यानं पुसलं."

त्यानं स्वतःचा हात आत घातला आणि साप बाहेर काढला. रूबीच होती. त्याच्या मनगटाला गरिबासारखी वेढा घालून राहिली. ओमकारनं तिला ओळखलं, पण हात काही पुढं केला नाही. ज्योतिबानं तिला परत पिशवीत घातलं, गाठ मारली, आणि खिशातली टरफलं काढून टीपॉयवर ठेवली.

"हिची आठ पिल्लं मच्छ्याच्या रानात हायत. आता कर एक व्हिडिओ. त्यातली कंची उचलायची आणि कंची न्हाय, ते सांग आमच्या पोरांस्नी."

तो पिशवी घेऊन उठला. ओमकार तसाच बसून होता, उजवा हात डाव्या हातानं घट्ट धरून.