वेणी पुढे घेतली की

पप्पांनी मोटारसायकल कशी उभी केली, यावरून संघप्रियाला त्या संध्याकाळचा अंदाज यायचा. स्टँड नीट खाली आला, चावी खुंटीला अडकली, तर सगळं ठीक. चावी टेबलावर आपटली, तर मम्मीने काही बोलू नये. पण मम्मी बोलायचीच. दिवसभर अंगणवाडीतल्या पोरांमागे धावून तिचंही डोकं पिकलेलं असायचं, आणि गप्प बसणं तिच्या स्वभावातच नव्हतं. विषय भाजीतल्या मिठावरून निघो की शेजारच्या टीव्हीवरून, शेवटी तो झरीवर, पप्पांच्या गावावर, येऊन थांबायचा. पप्पांना, म्हणजे सिद्धोधन गुरुजींना, झरीला थोरल्या भावाशेजारी घर बांधायचं होतं. मम्मीला, म्हणजे सुकेशनीला, गंगाखेड सोडायचं नव्हतं. आवाज चढत जायचे, एखादं ताट भिंतीवर जायचं आणि मग पप्पा गाडीला किक मारून निघून जायचे. ते परत येतील की नाही, या विचाराने संघप्रियाच्या पोटात गोळा उठायचा. तो कुणाला दिसायचा नाही. ती दहावीत होती, वर्गात पहिली होती आणि घरीदारी सगळे तिला शहाणी म्हणायचे. शहाण्या मुलीला काही होत नसतं.

दुखायचं ते भूषणचं.

बुद्धभूषण तिसरीत होता. एकदा ऐन भांडणात त्याच्या पोटात खरोखर कळ आली आणि तो पोट धरून खाली बसला. तसे दोघेही थांबले. मम्मीने तव्यावर ओवा टाकला. पप्पांनी त्याला मांडीवर घेतलं आणि ते त्याच्या बेंबीभोवती बोट गोल गोल फिरवत बसले. थोड्या वेळाने तर दोघं एकमेकांशी हळू आवाजात बोलायलाही लागले. संघप्रियाने ते पाहिलं आणि ध्यानात ठेवलं. पुढच्या वेळी आवाज चढले, तेव्हा तिने भूषणच्या कानात विचारलं, "पोट दुखायलंय का?" त्याने आधी मान हलवून नाही म्हटलं. मग तिच्या चेहऱ्याकडे नीट बघितलं आणि खाली बसला. पुन्हा तसंच घडलं. ओवा, मांडी, हळू आवाज. विज्ञानाच्या बाई म्हणायच्या, एकदा घडलं तर योगायोग, तशाच परिस्थितीत पुन्हा पुन्हा घडलं तर नियम. संघप्रियाला नियम सापडला होता.

कानात सांगणं धोक्याचं होतं, म्हणून दोघांनी खूण ठरवली. ताईने पाठीवरची वेणी पुढे खांद्यावर घेतली की दुखायला लागायचं. वेणी मागे गेली की हळूहळू बरं व्हायचं. एका डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं आणि म्हणाले, "काही नाही, लक्ष वेधून घेतोय. फार लाड करू नका." तेव्हापासून पप्पा त्याला नाटक्या म्हणायला लागले. मांडीवर मात्र घ्यायचेच.

"ताई," भूषण एकदा म्हणाला होता, "मी नुसतं म्हणतो, पण मग खरंच दुखायला लागतंय."

तिला ते चमत्कारिक वाटलं होतं. त्याच्यावर विचार करायचा असं तिने ठरवलं, आणि मग सहामाही परीक्षा आली.

झरीला मोठ्या काकांचं, दत्तरावांचं, नवं घर बांधून झालं. घरात राहायला जाण्याआधी बुद्धवंदना ठेवली होती आणि ती सिद्धोधनने घ्यावी असं भावाने सांगितलं होतं. पप्पा आठवडाभर खुशीत होते. अंघोळ करतानासुद्धा गाथा म्हणायचे. संघप्रियाला या खुशीची भीती वाटत होती. पप्पांचा इतका चांगला मूड तिने फार काळ टिकलेला पाहिला नव्हता. आणि या वेळी तो मोडायची जागा झरीच होती.

आदल्या दिवशी एसटीत तिने भूषणला खिडकीजवळ बसवलं आणि समोरच्या सीटवरच्या मम्मी-पप्पांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात सांगितलं, "उद्या काई बी झालं तरी दुखवायचं न्हाई. पप्पाचा दिवस हाय. चारचौघांत तमाशा नको. मी वेणी फुडं घेतली तरच."

"आन् न्हाई घेतली तर?"

"तर तुझं पोट एकदम ठणठणीत."

त्याने मान डोलावली. सांगितलेलं ऐकण्यात तो पक्का होता.

त्या संध्याकाळी काकांच्या जुन्या घरी त्याने भाकरी तशीच ठेवली आणि अंगणात तिच्याजवळ आला. "ताई, दुखायलंय."

संघप्रियाने आजूबाजूला बघितलं. पप्पा आणि काका खुर्च्या टाकून हसत होते. मम्मी काकूंबरोबर वांगी चिरत होती. भांडणाचं नावही नव्हतं. याने आत्तापासूनच सराव सुरू केला की काय, असं तिला वाटलं.

"वेणी कुठाय माझी?"

भूषणने बघितलं. "मागं."

"मग?"

तो जरा विचारात पडला. "मग न्हाई दुखत," म्हणाला आणि आत जाऊन भिंतीकडे तोंड करून झोपला.

सकाळी सगळे पांढरे कपडे घालून नव्या घरात जमले. रंगाचा वास अजून भिंतींना होता. भूषण नव्या सदऱ्यात उभा होता, पण थोडा वाकून, उजवा पाय हलका टेकवत. मागे पाण्याच्या टाकीजवळ तो ओकला, तेव्हा रुख्मिणीकाकू तिथेच भांडी मोजत होत्या.

"काय रे, बुंदी चोरून खाल्ली का?" काकू हसल्या. "खाय बाबा, तुझ्याच काकाची हाय. पण पंगतीला जागा ठिव पोटात."

भूषणही हसला. संघप्रियाने त्याचं तोंड पुसलं. कपाळ गरम लागलं, पण ऊन चढलं होतं आणि सगळ्यांचीच कपाळं तापली होती.

वंदनेला बायका-पोरं सतरंजीवर बसली. पप्पांचा आवाज भरून येत होता, शब्द सुटे आणि स्वच्छ. संघप्रियाला त्याचा अभिमान वाटला. तेवढ्यात पाठीवर कुणीतरी बघतंय असं वाटून ती वळली. भूषण मागच्या रांगेत गुडघा पोटाशी ओढून बसला होता आणि तिच्या वेणीकडे टक लावून बघत होता. तिने डोळ्यांनीच दटावलं, पाय नीट कर. त्याने पाय सरळ केला. त्याचे ओठ पांढरे पडले. संघप्रिया पुन्हा पुढे बघायला लागली.

वंदना संपली. मोठे काका सगळ्यांसमोर उभे राहून म्हणाले, "आता शेजारची जागा सिद्धूची. काय सुकेशनी, कधी येताव मग?"

मम्मीने पदर बोटाला गुंडाळला. पप्पा तिच्याकडे बघत होते. संघप्रियाला ही शांतता ओळखीची होती. तिचा हात आपोआप मागे गेला आणि वेणीवर पडला.

तिची नजर भूषणवर गेली. तो गुडघ्यांवर उठला होता. शाळा सुटायच्या घंटेची वाट बघणारं पोर जसं बघतं, तसा तो त्या हाताकडे बघत होता.

"बघू की, दादा," मम्मी म्हणाली आणि हसली. चार लोक हसले. वेळ टळली. संघप्रियाने हात खाली घेतला. भूषण परत बसला आणि त्याने मान खाली घातली.

पंगती उठत असताना तो तिच्याकडे आला. "ताई, आता थांबलं. एकदम थांबलं."

"बघ. म्हणलं व्हतं ना?" तिने त्याच्या केसांतून हात फिरवला. सकाळपासून छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं तिला वाटलं. तो आतल्या खोलीत घडी करून ठेवलेल्या सतरंज्यांवर जाऊन पडला. त्याला झोप लागली असेल म्हणून तिने दारही लोटून घेतलं.

दुपार कलली. पाहुणे पांगले. नव्या स्वयंपाकघरातून दबके आवाज यायला लागले, तेव्हा ती भूषणला शोधत आत गेली. तिला त्याची गरज लागणार होती.

तो कुशीवर, गुडघे छातीशी घेऊन पडला होता. श्वास वरवर आणि भराभर चालला होता. कपाळ तव्यासारखं तापलेलं आणि हात मात्र गार. तिने सदरा वर करून पोटाला हात लावला. पोट फळीसारखं कडक होतं. बोट टेकताच त्याने तोंड उघडलं, पण आवाज निघाला नाही. डोळे मात्र तिच्याकडे होते.

"तू वेणी फुडं का घेइनास?" तो म्हणाला. "मी कवाचा बघायलोय."

काल संध्याकाळपासूनचं सगळं एका ओळीत संघप्रियासमोर आलं. भाकरी, टाकी, गुडघा, पांढरे ओठ. त्याने सांगितलं होतं. फक्त परवानगी नव्हती म्हणून तो थांबला होता.

ती स्वयंपाकघराकडे धावली.

"चारचौघांत बघू म्हणलीस," पप्पा म्हणत होते. "भावाफुडं माझी काय राहिली?"

"मग काय म्हणायचं व्हतं? उद्याच येतो म्हणू?"

"पप्पा, भूषणला बघा. लय दुखायलंय त्याला."

दोघे थांबले. संघप्रियाने त्यांचे चेहरे पाहिले आणि तिला जास्तच भीती वाटली. त्या चेहऱ्यांवर काळजी नव्हती. सुटका होती. पप्पांचे खांदे सैल झाले. मम्मीचा हात लगेच डब्यांकडे गेला.

"झालं का नाटक्याचं सुरू," पप्पा म्हणाले, पण आवाजात राग नव्हता. "आण त्याला हिकडं, मांडीवर घेतो."

"रुख्मिणीताई, ओवा कुठं ठिवलाव?" मम्मीने बाहेर आवाज दिला.

"ओव्यानं काय व्हतंय," काकू दारात आल्या. "बेंबीची वाटी सरकली असंल. सुलाबाईला बोलावते, ती पोट चोळून जाग्यावर आणती."

सगळं नेहमीसारखं चाललं होतं. ओवा, मांडी, हळू आवाज. संघप्रियानेच बसवलेली घडी होती ती, आणि आता तीच भूषणला मारणार होती. खरं सांगावं, तर आधीचं सगळं खोटं ठरणार. खोटारड्या पोरांचं आजचं कोण खरं मानेल?

तिने वेणी हातात धरली आणि सगळ्यांना दिसेल अशी पुढे आणली.

"मी अशी वेणी घेतली की त्याचं दुखतंय," ती म्हणाली. तिचे शब्द सुटे होते. "मी शिकवलंय त्याला. तुमचं भांडण थांबावं म्हणून. दर वेळेस मीच सांगायचे. आज सांगितलं न्हाई. काल बी न्हाई. उलट दुखवू नको म्हणले. तो कालपासून गप बसलाय. म्हणून हे खरं हाय."

पप्पांचा चेहरा आवळत गेला. तो ताट फेकण्याआधीचा चेहरा तिला पाठ होता. तरी ती दारातून हलली नाही.

"पोट फळीवानी झालंय," ती म्हणाली. "चोळू नका. दवाखान्यात न्या."

डबा खाली पडला. मम्मी सांडलेल्या ओव्यावरूनच आत धावली होती. तिची किंकाळी ऐकू आली, तसे पप्पा भानावर आले.

शेजारच्या बजरंगच्या जीपमधून ते परभणीला निघाले. गाडी खड्ड्यात आदळली की भूषण कण्हायचा, आणि पुढे पुढे तर कण्हणंही बंद झालं. त्याचं डोकं पप्पांच्या मांडीवर होतं. पप्पांचं बोट सवयीने त्याच्या बेंबीकडे गेलं आणि हवेतच थांबलं. तिथे कुठे हात ठेवावा ते त्यांना कळेना. संघप्रिया भूषणच्या छातीवर नजर रोखून बसली होती. ती वर आली की मगच स्वतःचा श्वास घेत होती.

"अपेंडिक्स फुटलंय," डॉक्टर बाई म्हणाल्या. "मध्ये दुखायचं एकदम थांबलं होतं का? तेव्हाच फुटलं असणार. ऑपरेशन लगेच करावं लागेल. कधीपासून दुखत होतं?"

मम्मी पप्पांकडे बघायला लागली. पप्पा मम्मीकडे.

"काल संध्याकाळपासून," संघप्रिया म्हणाली.

"मग त्याने सांगितलं कसं नाही?"

"सांगितलं होतं. मला."

डॉक्टर बाईंनी तिच्याकडे क्षणभर बघितलं आणि आत गेल्या. दार लोटलं गेलं. बाहेरच्या बाकावर तिघं बसले, पण मध्ये जागा सोडून. पप्पा एकदाच बोलले, तेही जमिनीकडे बघत. "इतकं भ्या वाटायचं का गं?"

तिने मान हलवून हो म्हटलं.

सकाळी भूषणने डोळे उघडले. पोटाला नळी लावली होती, हाताला सुई होती, ओठ कोरडे पडले होते. धोका टळला असं डॉक्टर म्हणाल्या नव्हत्या, ताप उतरतोय एवढंच म्हणाल्या होत्या. त्याने संघप्रियाला शोधलं आणि तिच्या खांद्याकडे बघितलं. तिने केस वर गुंडाळून घट्ट बांधले होते.

"वेणी कुठाय?"

"न्हाई आता."

बाहेर व्हरांड्यात आवाज आले. आधी दबके. "तुला घरात राहून कळलं न्हाई?" "आन् तुमी? नाटक्या कोण म्हणायचं?" आवाज चढला. भूषणचा सुई नसलेला हात चादरीवरून सरकत सरकत टाक्यांकडे निघाला.

संघप्रियाने तो वाटेतच पकडला.

"मग कोण थांबवंल त्यांना?" त्याने विचारलं.

"ते आपलं काम न्हाई."

असं म्हणताना तिला धीर नव्हता. बाहेर काहीतरी आपटलं, पप्पांची पावलं दूर जायला लागली आणि तिच्या पोटात तो जुना गोळा उठला. ती उठली नाही. भूषणची बोटं तिने आणखी घट्ट धरली.

"भूषण, माझं पोट दुखायलंय," ती म्हणाली.

त्याने तिच्या मोकळ्या खांद्याकडे बघितलं, मग डोळ्यांकडे.

"खरं?"

"खरं."

तो जरासा सरकला आणि गादीच्या कडेला तिच्यासाठी जागा केली. व्हरांड्यात दूर गेलेली पावलं थांबली होती. ती परत येतात की जातात, ते दोघंही कान देऊन ऐकत राहिले.