पाण्यातला मळ राहू द्या

मी फिश टँक बोलतोय. जरा सावकाश बोलेन, चालेल ना? पोटात पाणी भरलं की जीव जड होतो, आणि आता माझं वयही झालं. डाव्या कोपऱ्यातला सांधा एकदा गळलेला आहे. तो धरेल की सुटेल, या काळजीतच माझे दिवस जातात.

एका काचवाल्यानं मला जन्माला घातलं. चार बाजूंच्या चार काचा आणि खाली एक तळ, एवढंच माझं शरीर. सांध्यांत सिलिकॉन भरून, वरून चिकटपट्ट्या लावून त्यानं मला दुकानाच्या मागे ठेवलं आणि सगळ्यांना बजावलं, "वाळतोय अजून. कुणी हात लावायचा नाही." माझ्या आयुष्यातले तेवढेच काय ते निवांत दिवस. तेव्हापासून जो येतो तो हात लावतो.

पहिली नोकरी केशकर्तनालयात. तिथं मला वाटलं होतं, माणसं येतील, कौतुकानं मासे बघतील. पण समोर आरसा असताना माशांकडे कोण बघणार? जो तो स्वतःलाच न्याहाळायचा. पुढे मालकानं दुकानाला रंग काढला आणि मला माळ्यावर टाकलं. माझ्या पोटात फुटके कंगवे, विटलेले टॉवेल आणि एक बिघडलेला पंखा येऊन राहिला. त्यांना पाणी लागत नाही, खाणं लागत नाही. खरं सांगतो, भाडेकरू म्हणून ते वाईट नव्हते.

तिथून मला उचललं एका स्कूटर मेकॅनिकनं. केस कापायला आला होता, मान वर केली, मी दिसलो. "फुकट देताय का?" मालक म्हणाला, "न्या बाबा, जागा तरी होईल." स्कूटरवर त्याच्या दोन पायांच्या मध्ये बसून मी त्याच्या बहिणीच्या घरी आलो.

ती बहीण दवाखान्यात ऑपरेशनच्या खोलीची साफसफाई करते. तिथं तिला सगळे मावशी म्हणतात, म्हणून मीही मावशीच म्हणतो. दारातच तिनं मला अडवलं.

"काय रे हे? भंगार कशाला आणलंस?"

"भंगार नाही गं ताई, फिश टँक आहे. फुकट मिळालाय."

"फुकट मिळाला तर तू हत्तीसुद्धा आणशील."

"दाजींसाठी आणलाय. भिंतीकडे बघून बघून भिंतीला भोक पडेल आता."

दाजी म्हणजे मावशीचे यजमान. जन्मभर बस चालवलेला माणूस. पक्षाघाताचा झटका आला आणि उजवा हात गेला, बोलणंही जवळजवळ बंद झालं. व्यायाम शिकवणारी बाई सांगून गेली होती, बोटं हलवा, चिमूट धरा, नाहीतर हात कायमचा आखडेल. पण ते भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. मावशीनं हातात चेंडू दिला, त्यांनी सोडून दिला. वाटीत डाळ दिली, त्यांनी वाटी सरकवली. मावशी जमीन पुसताना फडकं फार जोरात पिळायची.

तर भावानं मला उभं केलं, तेही पदराला फारशी खार न लावता. आधी मोरीत पाणी भरून बघितलं, तर डावा कोपरा गळतोय. त्यानं जुनं सिलिकॉन ब्लेडनं खरवडलं, नवं भरलं आणि वाळू दिलं. गॅरेजमधलं लोखंडी टेबल आणलं, त्यावर थर्मोकोल घातला. तळ नीट टेकला नाही तर वजनानं काच तडकते. शेजारी बांधकाम चाललं होतं, तिथून वाळू मागून चाळली. धुण्याचं काम अर्थात मावशीचं. ती वाळू तिनं अशी धुतली की वाळूलाही वाटलं असेल, आपण साखर आहोत. मनीप्लांटची एक फांदी पाण्यात मुळं सोडून लावली. पैसे गेले ते फक्त हवेच्या छोट्या पंपाचे आणि त्याच्या नळीला लावायच्या स्पंजचे.

पाळायचे मासे विकणाऱ्या मासेवाल्यानं सांगितलं होतं, पाणी भरून ठेवा आणि थांबा. माशांचं खाणं अगदी कणभर टाकत राहा, पण मासे लगेच आणू नका, पाणी मुरू द्या. भाऊ थांबला. मग पाच गप्पी आल्या.

पहिले काही दिवस दाजींनी भिंतीकडचं तोंड वळवलं नाही. मग एका सकाळी वळवलं. मावशीनं माशांच्या खाण्याची डबी त्यांच्या डाव्या हातात दिली आणि म्हणाली, "अहो, चिमटीनं घाला हं. उजव्या हातानं. डाव्या हातानं मासे खात नाहीत."

साफ खोटं! पण दाजी खाटेवरून उठले. टेबलाला धरून उभे राहिले. उजव्या हाताची दोन बोटं जवळ आणायला त्यांना घाम फुटला. खाणं निम्मं टेबलावर पडलं, निम्मं माझ्यात. मावशी दाराआड उभी राहून बघत होती, आणि तिच्या हातात फडकं असूनही तिनं टेबल पुसलं नाही.

रोज सकाळी उठायला एकच कारण त्या माणसाला मिळालं होतं. आणि ते माझ्या पोटात होतं. माझ्यासारख्या गळक्याला केवढा हा भार!

पण सुट्टीच्या दिवशी मावशीची नजर स्पंजवर गेली. तो तपकिरी झाला होता, बुळबुळीत. "अगं बाई! या घाणीत राहतात बिचारे?" जन्म गेला तिचा एक डाग राहू न देण्यात. मासे बादलीत गेले. मला रिकामं केलं, साबणानं घासलं. वाळू उकळली. स्पंज गरम पाण्यात बुडवून इतका पिळला की तो नव्यासारखा पिवळा झाला. मग नळाचं ताजं पाणी भरून मासे परत सोडले. मी असा चकाकत होतो की कुणाला वाटावं, आता माझ्यातच ऑपरेशन करायचंय.

दोन मासे मेले. मावशीला वाटलं, घाण राहिली असणार. तिनं पुन्हा घासलं. पुन्हा दोन गेले. ती माझ्या अगदी हात धुवून मागे लागली होती. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं, पण काचेला तोंड कुठलं?

शेवटी एक जाड, राखाडी गप्पी उरली. पाण्याच्या वरच्या कडेला तोंड लावून धापा टाकत होती. दाजींनी तिच्याकडे बघितलं आणि पुन्हा भिंतीकडे तोंड केलं. दुसऱ्या सकाळी ते उठले नाहीत.

मावशी भावाला म्हणाली, "मी एवढं करते, तरी का मरतात रे? माझ्या हातालाच गुण नाही."

भाऊ मासेवाल्याकडे जाऊन आला. हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत त्याच्या टँकमधला एक काळाकुट्ट जुना स्पंज. "ताई, तू काहीच करू नको, एवढंच करायचंय. म्हणे त्या मळात जीव असतात. माशांची घाण तेच खातात. तू त्यांना उकळून टाकलंस."

"जीव म्हणजे जंतूच ना?"

"जंतूच. पण घरचे."

"जंतू कधी घरचे असतात का रे? उद्या कामावर जाऊन सांगू का, डॉक्टर, थोडे घरचे जंतू ठेवलेत?"

"हे मी त्यात पिळणार आहे."

"हे काळं पाणी? माझ्या घरात? मुळीच नाही."

ती माझ्यासमोर आडवी उभी राहिली. भाऊ पिशवी घेऊन तसाच. पंपाची घरघर तेवढी चालू. आणि मग खाटेवरून आवाज आला. घोगरा, अर्धवट.

"रा... राहू दे. मळ."

दाजींची मान वळलेली होती. मावशीनं त्यांच्याकडे बघितलं, पिशवीकडे बघितलं. बाजूला झाली आणि पदर नाकाला लावून म्हणाली, "पीळ मग. मी बघणार नाही." बघितलं तिनं सगळं. माझं पाणी गढूळ झालं आणि मला, काय सांगू, अंगात रक्त आल्यासारखं वाटलं.

आता मावशी आठवड्याला चौथाई पाणीच बदलते, आणि नवं घालते तेही बादलीत रात्रभर ठेवलेलं. स्पंज माझ्याच काढलेल्या पाण्यात हलकेच चेपते. मागच्या काचेवर शेवाळ आलंय. सुट्टीच्या दिवशी तिच्या हातांना चैन पडत नाही, मग ती माझ्यासमोर हाताची घडी घालून बसते. तिचे कष्ट मला कळतात. आमच्या घरात सगळ्यात जड काम आता तेच आहे.

आज सकाळी तिला मनीप्लांटच्या मुळांत कचरा दिसला. बारीक, तांदळाच्या कणीएवढा. "एवढा तरी काढू दे," असं पुटपुटत तिनं चहाची गाळणी उचलली. पाण्यात घातली, आणि हात थांबला. कचरा पळाला. कचऱ्याला डोळे होते.

"अहो!" ती ओरडली. "अहो, बघा, बाळंत झाली!"

दाजी डबीची वाट न बघता उठले. आले, माझ्या काचेला नाक टेकवलं. त्यांच्या श्वासानं काच धुरकट झाली. मावशीचं फडकं पुढं आलं आणि तिनं ते स्वतःच मागे घेतलं.

मी थकलोय. सांधा किती दिवस धरेल, सांगता येत नाही. सुटला तर मला भंगारात द्या, राग नाही. पण त्याआधी एक बादली भरून तयार ठेवा. ही पिल्लं, त्यांची आई, ती मुळं आणि तो मळका स्पंज त्यात हलवा. न धुता. उद्या सकाळी दाजींना उठायचंय.