शेवटच्या गल्लीपर्यंत

"काका, आता अजिबात हलायचं नाही. झोप आली तर खुशाल झोपा," हॉस्पिटलातल्या कॅमेऱ्यावरच्या बाई म्हणाल्या आणि काचेपलीकडे जाऊन बसल्या.

झोपायची परवानगी मिळाली म्हणून कुणाला लगेच झोप लागते होय? पाणीवाल्या काकांना मात्र लागली. नोकरीभर या माणसाने शहराला पाणी सोडलं. भल्या पहाटे सायकलच्या दांड्याला लांबलचक लोखंडी चावी बांधून निघायचं, रस्त्यातली झाकणं उचलायची, खालचा व्हॉल्व्ह फिरवायचा आणि त्या त्या गल्लीला पाणी द्यायचं. झोपेशी तेव्हा उभं वैर होतं. निवृत्तीनंतर ते कुठे मिटत आलं, तोवर रक्ताच्या कर्करोगाने दार ठोठावलं.

धाकट्या भावाच्या मूळपेशी काकांशी जुळल्या होत्या. पण त्या रुजवायच्या तर आधी हाडांमधली नासलेली मज्जा जाळावी लागते, आणि सगळ्या अंगावर किरण सोडले तर या वयात काकाच उरायचे नाहीत. म्हणून ही नवी चाचणी. यात औषधच किरण घेऊन शिरेतून आत जातं आणि मज्जेला चिकटतं. आधी थोडंसं देऊन ते कुठे जातं ते कॅमेऱ्याने बघायचं. हाडांत भरपूर पोहोचलं तर खरा डोस. लिव्हरमध्येच जास्त साचलं तर डोस नाही, कारण मग जळणार लिव्हर.

"म्हणजे आधी पाणी सोडून बघायचं, प्रेशर कुठे येतंय," काका म्हणाले होते.

"अगदी तसंच," डॉक्टर हसून म्हणाले होते.

कॅमेरा डोक्याकडून पायांकडे इतक्या संथपणे सरकत होता, की तो सरकतोय की आपण वाहतोय तेच कळेना. काकांचे डोळे मिटले, आणि ते आपल्याच अंगात सायकल घेऊन निघाले. रस्ते पांढरे, स्वच्छ, दोन्ही बाजूंना बरगड्यांच्या गल्ल्या. एकेका तोंडाशी उतरून ते चावी फिरवत होते आणि आतून घुमल्यासारखा आवाज येत होता. दारं उघडत होती, बादल्या लागत होत्या, कुणीतरी ओरडत होतं, "आलं हो, आलं!" कुणाशी भांडण नाही, कुणाची तक्रार नाही. असं सुख नोकरीत एक दिवस मिळालं नव्हतं. चढावरच्या शेवटच्या गल्लीत तेवढी त्यांची मुलगी उभी होती, सात महिन्यांचं पोट सावरत, हातात कोरडी बादली. "येतंय गं, येतंय," काका म्हणाले आणि त्यांनी चावीवर सगळा भार टाकला.

"काका! उठा बरं. लघवीला जाऊन आला होतात ना?"

काकांनी डोळे उघडले. बाई कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या.

"नाही."

"मी दोनदा सांगितलं होतं!"

"अहो, ड्युटी संपेपर्यंत दाबून धरायची सवय. मला वाटलं, तुम्ही ते कच्च्या लोकांना सांगता."

बाईंना हसावं की रागवावं ते कळेना. औषध लघवीवाटेही बाहेर पडतं, त्यामुळे तुंबलेली पिशवी कॅमेऱ्यात लखलखत होती आणि तिच्यापुढे कमरेची हाडं दिसतच नव्हती. आयुष्यभर दुसऱ्यांची तुंबलेली लाईन मोकळी करणारे काका कानापर्यंत लाल झाले आणि निमूट जाऊन आले. पुन्हा झोपले, पण स्वप्न काही परत आलं नाही.

दुपारी डॉक्टरांनी पडदा त्यांच्याकडे वळवला. हाडं धूसर दिसत होती, पहाटेच्या रस्त्यांसारखी. उजवीकडे बरगड्यांखाली मात्र मोठा उजेड साचला होता.

"लिव्हरमध्ये जास्त गेलंय, काका. हाडांत फार कमी."

"पुन्हा करून बघू या. मघाशी चूक माझी झाली होती."

"त्याने फरक पडत नाही. हे दुसरं चित्र स्वच्छ आलंय."

काकांनी पडद्यावरच्या धूसर हाडांवर बोट ठेवलं. "म्हणजे शेवटच्या गल्लीत पोहोचलंच नाही."

"नाही. मोठा डोस मी देऊ शकत नाही. उद्या या, दुसऱ्या औषधांचं बोलू. त्या औषधांनी आजार जाणार नाही, पण थोडे महिने मिळतील."

"मुलीला दोन महिने आहेत अजून."

डॉक्टर म्हणाले, "प्रयत्न करू." मग नजर खाली घेऊन ते म्हणाले, "आणि हो, औषध अजून अंगात आहे. थोडे दिवस तिच्या जवळ जाऊ नका. पोटातल्या बाळाला नको."

हे सकाळीच तिलाही सांगितलं होतं. "ठीक आहे, मी रस्त्यापलीकडे थांबते. रस्ता काही डॉक्टरांच्या मालकीचा नाही," ती ठसक्यात म्हणाली होती, आणि खरंच समोरच्या दुकानाच्या सावलीत उभी होती. काका बाहेर आले तशी तिने हनुवटी उचलून विचारलं, काय झालं?

काकांचा आवाज मोठा. आनंदाची बातमी असती तर त्यांनी अख्खा रस्ता दणाणून सोडला असता, आणि हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. ते गप्प राहिले. ती फुटपाथवरून खाली उतरली, त्यांच्या दिशेने निघाली. काका मागे सरकले, आणखी मागे, पाठ भिंतीला टेकली तेव्हा त्यांनी तळवा समोर धरला. ती थांबली. पदराने तोंड पुसलं आणि परत वर चढली.

मग दोघंही घराकडे निघाले, ती त्या बाजूने, काका या बाजूने. ती जड पावलांनी चालत होती म्हणून काकांनीही चाल कमी केली. मध्येच एक बस येऊन उभी राहिली आणि ती दिसेनाशी झाली. काका होते तिथेच थांबले. बस हलली, तेव्हा पलीकडे तीही तिथेच थांबलेली होती.