नाव न विचारता गेलेली फीत

इतकी वर्षं मी दुसऱ्यांचं बोलणं कागदावर उमटवत आलो. आज पहिल्यांदाच माझं स्वतःचं सांगतोय. मी एक टेलिप्रिंटर आहे. बेंगळुरात हेब्बाळच्या रस्त्याला प्रेशर गेज, म्हणजे दाब मोजायची यंत्रं, बनवणारा एक कारखाना आहे, त्याच्या गोदामात सध्या मी पडून आहे.

माझे बरेचसे भाग परदेशातले, जोडणी मद्रासची. १९६४ साली लाकडी खोक्यातून मी इथं आलो. कारखान्यातल्या लोकांना माझं फार कौतुक. इथं टाइप केलेलं त्याच क्षणी कलकत्त्याला छापून निघतं, हे बघायला साहेब लोकसुद्धा दारात उभे राहत.

मला चालवायला प्रमोदिनी नावाची बाई नेमली होती. मूळची धारवाडची. इथल्याच, बेंगळुरातल्या श्रीरामपुरात दोन खोल्या घेऊन ती म्हाताऱ्या वडिलांबरोबर राहायची. सकाळी आली की आधी फडक्यानं माझी धूळ पुसायची, मग पदर खोचून बसायची. मजकूर आधी कागदाच्या फितीवर भोकं पाडून तयार करायचा, मग समोरच्या गावाचा नंबर फिरवायचा आणि फीत माझ्या तोंडात द्यायची, असं ते काम.

पण त्याच्या मध्ये एक पायरी होती. माझ्या पाटीवर एक बटण आहे. ते दाबलं की मी पलीकडच्या यंत्राला विचारतो, तू कोण? ते यंत्र आपलं नाव आपोआप पाठवतं आणि ते माझ्या कागदावर उमटतं. तिथं माणूस हजर असो वा नसो, नाव येतं. तसंच, माणूस नसला तरी मजकूरही छापला जातो. म्हणून आधी नाव बघायचं. नंबर फिरवताना बोट एखाद्या वेळी चुकतं, तार भलत्याच ठिकाणी जुळते. प्रमोदिनी नाव वाचायची, त्याच्यापुढं पेन्सिलीनं छोटी खूण करायची आणि मगच फीत लावायची. दोन वर्षांत तिनं हे एकदाही चुकवलं नव्हतं.

१९६६ च्या ऑगस्टातला तो शुक्रवार. दुपारी साडेचारला चाचणी विभागाचे इंजिनियर रत्नाकर घाईनं आत आले.

"सतरा नंबरच्या लॉटमध्ये दोष निघालाय," ते म्हणाले. "त्यातली गेजं दाब आहे त्यापेक्षा कमी दाखवतात. चार ठिकाणी माल गेलाय. आजच कळवायला हवं, ही गेजं बॉयलरवर लावू नका म्हणून."

मजकूर देऊन ते उरलेली गेजं तपासायला परत गेले. प्रमोदिनीनं चार फिती तयार केल्या. मद्रासचं नाव आलं, फीत गेली. कलकत्त्याचं आलं, अहमदाबादचं आलं. राहिलं कानपूर.

तोवर ऑफिस सुपरिंटेंडंट नरसिंहराव येऊन उभे राहिले होते. बेंगळुरातल्या जुन्या मराठी घरातला माणूस, मराठीत कानडी मिसळणारा, एरवी मऊ बोलणारा. त्या संध्याकाळी त्यांच्या मुलीला, अनुसूयेला, बघायला पाहुणे यायचे होते. आधीची दोन स्थळं मोडली होती. खोलीला कुलूप लावून किल्ली जमा केल्याशिवाय त्यांना निघता येत नव्हतं, आणि घरी जायची मल्लेश्वरमची बस पाच वाजता सुटायची.

प्रमोदिनीनं कानपूरचा नंबर फिरवला. तार जुळली. तिचं बोट बटणाकडं गेलं.

"राहू द्या की अक्का," नरसिंहराव म्हणाले. "नंबर लागला ना? सरी, ठीक आहे, मग पाठवा. स्वल्प लवकर आवरा."

"एकच मिनिट, सर. नाव येऊ दे."

"तीन ठिकाणी आलं की. चौथं काय वेगळं असणार? मी सांगतो, पाठवा."

तिनं त्यांच्याकडं पाहिलं. मग बोट मागं घेतलं आणि फीत लावली.

तिनं शेवटचे दोन आकडे उलटे फिरवले होते. मी तो सगळा इशारा कानपूरच्याच, पण एका लोकरीच्या पेढीला सांगत होतो. मला विचारायला कुणी सांगितलं नाही, आणि आपण होऊन विचारणं मला येत नाही. तिथले लोक घरी गेले होते, हे पुढं चौकशीत कळलं. सकाळी कुणीतरी तो कागद काढून, काही अर्थ न लागल्यानं तारेला टोचून ठेवला.

शनिवारी प्रमोदिनीनं आदल्या दिवसाचा कागद पुन्हा वाचला. चौथ्या मजकुरावर नाव नव्हतं. ती उठून नरसिंहरावांकडं गेली.

"सर, कानपूरला परत पाठवू का?"

त्यांच्या चेहऱ्यावर आनंद होता. स्थळ जमलं होतं. "मजकूर गेला म्हणून मी वर कळवलंय," ते म्हणाले. "दोनदा गेला तर आपणच गोंधळलो असं दिसेल. पोचलं असेल हो."

ती परत येऊन माझ्यासमोर बसली. कानपूरची फीत तिनं पुन्हा लावली नाही.

बुधवारी सकाळी आमची गेजं घेतलेल्या कानपूरच्या कारखान्याचं नाव माझ्या कागदावर आपोआप उमटलं, आणि त्याखाली मजकूर. बॉयलर फुटला. भट्टीवाला जागीच गेला. तुमच्या गेजचा काटा खालीच होता.

प्रमोदिनीनं तो कागद लगेच फाडून वर पाठवला नाही. आधी तिनं टाइप केलं, गेलेल्या माणसाचं नाव कळवा. उत्तर आलं, रामदुलारे. बायको आणि तीन मुली मागं आहेत.

चौकशी त्याच आठवड्यात झाली. माझा कागद टेबलावर ठेवला होता. तीन नावं, तीन खुणा, आणि चौथी जागा कोरी. प्रमोदिनीनं झालं ते सांगितलं. नरसिंहरावांना विचारलं तेव्हा त्यांनी चष्मा काढून पुसला.

"मी असं म्हटल्याचं मला आठवत नाही," ते म्हणाले.

अनुसूयेच्या लग्नाची तारीख धरली होती. मी त्या शब्दांपासून हातभर अंतरावर होतो. पण टाइप केलेलंच माझ्यावर उमटतं, तोंडचं नाही. माझाच कागद तिच्याविरुद्ध उभा राहिला.

रत्नाकर तिला भेटायला आले. "तुम्ही वर अर्ज करा. मी सही देतो."

"कशाला?" ती म्हणाली. "ते खोटं बोलले, खरं आहे. पण बटण माझ्या बोटाखाली होतं. शनिवारी तर कुणी जवळ उभंही नव्हतं."

तिनं राजीनामा लिहून दिला आणि वडिलांना घेऊन धारवाडला गेली. पंधरा दिवसांनी माझ्या वरच्या भिंतीवर पुठ्ठा लागला, पलीकडचं नाव आल्याशिवाय मजकूर पाठवू नये. खाली नरसिंहरावांची सही होती.

पुढं तीन वर्षं मी काम केलं. नवीन माणसं बटण न चुकता दाबत, आणि कुठलंही नाव आलं तरी न वाचताच फीत लावत. मग माझे टाइप झिजले, नवीन यंत्र आलं, मला इथं आणून टाकलं. आता माझ्यावर गोणपाट आहे. पावसाचं पाणी आत येतं, आणि दांडे गंजून एकमेकांना चिकटलेत.

धारवाडकडं कुणी जाणारे असाल तर प्रमोदिनीला एवढंच सांगा, त्या दिवशी ती काय म्हणाली आणि तिला काय उत्तर मिळालं, ते मी ऐकलं होतं. माझ्या ऐकण्याचा तिला काही उपयोग झाला नाही. त्या तीन मुलींनाही नाही.