हवेतला हात

“मामा, आजपासून माउसला हात लावायचा नाही हं,” सर्जन मॅडम हात धुऊन आत येता येता म्हणाल्या.

ऑपरेशन थिएटरचे जुने वॉर्डबॉय मामा बाजूला झाले. सर्जनच्या निर्जंतुक हातांनी ऑपरेशनमध्ये इतर कशालाच शिवायचं नसतं, म्हणून स्कॅनची चित्रं पुढेमागे करायला बावीस वर्षं तेच उभे राहिले होते. आता पडद्यावर कॅमेरा बसला होता. मॅडमनी हवेत हात फिरवला की चित्र सरकायचं.

“त्याला डोळे आहेत, अक्कल नाही,” मामा सिस्टरच्या कानाशी पुटपुटले.

“पोटावर पाय येतोय म्हणून बोलताय,” सिस्टर हसल्या.

ते अर्धं खरं होतं, म्हणूनच झोंबलं.

मूत्रपिंडाचं ऑपरेशन सुरू झालं. नव्या सुनेच्या फोडणीवर सासूने ठेवावी तशी मामांची नजर पडद्यावर होती. तास गेला. कुठे काही चुकेना. मग सिस्टरनी गॉज घ्यायला हात लांब केला आणि चित्र हललं. मॅडम तेव्हा खाली बघत होत्या. मान वर करून त्यांनी पडदा पाहिला.

“एकच रक्तवाहिनी. चिमटा द्या.”

“मॅडम, थांबा. चित्र सरकलंय.”

“मी हात हलवलाच नाही, मामा.”

“तुम्ही नाही. सिस्टरनी हलवला.”

“मामा, मशीन आवडत नाही हे कळलं हो आम्हाला,” मदतनीस डॉक्टर वैतागले.

मामांचे कान तापले. आपल्याला खरंच दिसलं, की दिसावं असं वाटत होतं? त्यांना स्वतःचाच संशय आला. तरी ते म्हणाले, “कोपऱ्यातला चित्राचा आकडा बघा. पंचेचाळीस होता, अठ्ठेचाळीस झालाय.”

मॅडमनी हात फिरवून चित्र मागे घेतलं. पंचेचाळीसवर दुसरी रक्तवाहिनी स्पष्ट दिसत होती. ती चिमट्याशिवायच कापली गेली असती.

“दोन चिमटे द्या,” मॅडम हळू आवाजात म्हणाल्या.

दुपारी इंजिनिअर आला. मशीन आता जाणार, असं मामांना वाटलं. मॅडमनी सगळं सांगितलं, मामांमुळे निभावलं हेही सांगितलं. इंजिनिअर तासभर खटपट करत बसला.

“आता फक्त मॅडमचाच हात ओळखेल. मामा, जरा हलवून बघा.”

मामांनी उजवा हात फिरवला. मग डावा. मग दोन्ही. चित्र जागचं हललं नाही.

“झालं! तुमचा हात त्याला दिसतच नाही,” इंजिनिअर खुशीत म्हणाला.

“हे बरोबर झालं,” मामा म्हणाले. त्यांनी पेन मागून घेतलं आणि ‘मशीन ठीक’ असं लिहिलेल्या इंजिनिअरच्या तपासणीच्या कागदावर, सावकाश, आपलं पूर्ण नाव लिहून सही केली.